१५० म्हणजे १५० नसतं: इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना काय बघायचं

मागच्या मे महिन्यात गावाकडून अण्णांचा फोन. "अरे लाईट गेली की वीस मिनिटांत इन्व्हर्टर बोंबलायला लागतो, दुकानवाला म्हणतोय बॅटरी बसली, नवीन टाका. टाकू का?" मी म्हटलं अण्णा दोन दिवस थांबा, शनिवारी येतोच आहे.

थांबा म्हणालो कारण "बॅटरी बसली" हे वाक्य दुकानात फार स्वस्त आहे. बॅकअप कमी झाला याची कारणं चार असतात आणि त्यातल्या तिघांना नवीन बॅटरीची गरज नसते. पाणी कमी झालेलं असतं, किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर चढून करंटच जात नसतो, किंवा घरातला लोड गुपचूप वाढलेला असतो (आमच्याकडे धाकट्याने टीव्ही आणि मिक्सरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घेऊन ठेवला होता, कुणाला पत्ता नाही). चौथं कारण म्हणजे बॅटरी खरंच गेलेली. तेव्हा आधी चेक करायचं, मग पाकीट उघडायचं.

शनिवारी गेलो. जिन्याखाली बॅटरी, शेजारी चपला, वर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा. आधी इन्व्हर्टर बंद केला, मेनचं बटन पण बंद केलं. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने टर्मिनल घासले, फस्सकन फेस येतो, तो येऊ द्यायचा फक्त सोड्याचं पाणी झाकणाच्या आत जाऊ द्यायचं नाही. पुसून कोरडं करून नटबोल्ट घट्ट केले आणि वरून व्हॅसलीन फासलं. सहा भोकांपैकी दोन ठिकाणचे फ्लोट तळाला गेलेले, म्हणजे लाल दिसत होते. डिस्टिल्ड वॉटर भरलं, जवळजवळ तीन लिटर गेलं. मग रात्रभर चार्जिंगला लावून ठेवली.

इथे एक बाजूला सांगतो. नळाचं पाणी नको, आरओचं नको, आणि ते एसीच्या पाइपातून बादलीत जमा होतं ते पण नको. ते पाणी शुद्ध असतं असं सगळे सांगतात पण ते कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण घेऊन खाली येतं. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन बॅटरीच्या मानाने काहीच महाग नाही. आणि वरून अ‍ॅसिड तर कधीच टाकायचं नाही, कोणी मेकॅनिक "थोडं अ‍ॅसिड मारतो, टवटवीत होईल" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. बॅटरीतून उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

सकाळी हायड्रोमीटर काढला. काचेची नळी, वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा, दोन-तीनशे रुपयांना मिळतो. प्रत्येक भोकातून पाणी ओढून घ्यायचं आणि काटा कुठे तरंगतो ते वाचायचं, त्यावरून आतल्या पाण्यात अ‍ॅसिड किती दाट आहे ते कळतं. ट्यूब्युलर बॅटरी (हा प्रकार काय ते पुढे सांगतो) फुल चार्ज असेल तर साधारण १.२४० च्या आसपास येतं, मेकॅनिक लोक त्याला "बाराशे चाळीस ग्रॅव्हिटी" म्हणतात. आमचे पाच सेल (एका भोकाखाली एक सेल) ११९० आणि १२०० च्या मध्ये घुटमळत होते आणि सहावा १०९०. अजून एक दिवस चार्जिंगला ठेवली, काटा जागचा हलला नाही. म्हणजे दुकानवाला बरोबर होता, बॅटरी गेलेलीच होती. पण ती का गेली, याचं उत्तर त्या पाच सेलमध्ये होतं आणि तो दोष माझाच होता, त्याच्यावर येतोच.

हायड्रोमीटर नसेल तर मल्टिमीटर घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करून, वायर सोडवून दोन-तीन तास तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज बघा. १२.६ च्या वर असेल तर वरवर तरी ठीक. साडेदहाच्या आसपास अडकलं असेल तर समजा एक सेल शॉर्ट झालाय, कारण बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक असतात, प्रत्येकी दोन व्होल्टहून थोडा जास्त, एक मेला की तेवढे कमी होतात. फक्त व्होल्टेज चांगलं दिसलं म्हणून बॅटरी चांगली असं मात्र नाही, लोड टाकल्यावर किती खाली येतं ते महत्त्वाचं. सीलबंद बॅटरी असेल तर हायड्रोमीटर घालायला भोकच नसतं, तिथे मल्टिमीटर आणि लोड एवढंच हातात.

आता माझी चूक. तीन-साडेतीन वर्षांपूर्वी हीच वेळ आली होती तेव्हा जुनी १५० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते ते) होती आणि मी हुशारी केली, म्हटलं थोडे पैसे जास्त घालू, २०० ची घेऊ, अण्णांना जास्त वेळ पंखा मिळेल. दुकानदारानेही "साहेब एकदम बेस्ट" म्हणून दिली. इन्व्हर्टर मात्र जुनाच, त्याचा चार्जर दहा अँपिअरचा. आता हिशोब बघा. लेड अ‍ॅसिड बॅटरीला (शिशाच्या प्लेट आणि अ‍ॅसिडवाली, ही नेहमीची) साधारण तिच्या एएचच्या दहा टक्के करंट चार्जिंगला मिळावा असा ढोबळ नियम आहे, म्हणजे १५० ला १५ अँपिअर, २०० ला २०. त्यापेक्षा थोडा कमी असला तर चालतं, वेळ जास्त लागतो एवढंच. पण ज्या गावात लाईट दिवसातून दोनदा-तीनदा जाते आणि मधे मधे तासा-दोन तासाला येते, तिथे वेळच मिळत नाही. टाकी मोठी आणि नळ बारीक, वर रोज उपसा चालू. बॅटरी कधी काठोकाठ भरलीच नाही.

लेड अ‍ॅसिड बॅटरीला अर्धवट उपाशी ठेवणं सगळ्यात वाईट. डिस्चार्ज होताना प्लेटवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केलं की ते परत विरघळतं. पण लगेच चार्ज नाही केलं किंवा नेहमीच अर्धं केलं तर ते सल्फेट कडक खड्यांसारखं होऊन बसतं आणि मग उठत नाही. यालाच सल्फेशन म्हणतात. ११९० ला अडकलेले आमचे पाच सेल म्हणजे तेच. म्हणजे जास्त पैसे देऊन मी अण्णांना कमी टिकणारी बॅटरी आणून दिली होती. अण्णा काही बोलले नाहीत, पण आईने बरोबर विचारलं, "मग त्या दुकानदाराने इन्व्हर्टर कुठला आहे ते विचारलंच नाही का रे?" नव्हतं विचारलं. मीही नव्हतं सांगितलं.

म्हणून बॅटरी घ्यायला जाताना पहिली गोष्ट खिशात पाहिजे ती म्हणजे इन्व्हर्टरच्या मागच्या स्टिकरचा फोटो. त्यावर किती व्होल्टचा (१२ की २४), चार्जिंग करंट किती, आणि किती एएचपर्यंत बॅटरी चालेल हे बहुतेक लिहिलेलं असतं, नाहीतर मॅन्युअलमध्ये असतं. व्हीए वेगळं आणि एएच वेगळं हे पण डोक्यात ठेवा. इन्व्हर्टर ९०० व्हीए म्हणजे तो एका वेळी किती लोड उचलेल ते, आणि बॅटरीचा एएच म्हणजे तो लोड किती वेळ चालेल ते. मोठी बॅटरी लावली म्हणून फ्रिज चालायला लागणार नाही.

आता त्या १५० आकड्याची गोष्ट, कारण सगळा घोळ तिथे आहे.

बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरात सी२० असं काहीतरी असतं. याचा अर्थ असा की ही बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर एकूण १५० अँपिअर-अवर देईल, म्हणजे साडेसात अँपिअर करंट वीस तास. आता घरी कोण एवढ्या हळू वापरतं? दोन पंखे, तीन-चार लाईट, वायफाय आणि एक लॅपटॉप लावला की बॅटरीतून पंचवीस अँपिअर ओढले जातात. आणि जोरात ओढलं की एकूण मिळणारी कपॅसिटीच कमी होते.

हे का होतं ते विहिरीवरून समजतं. उन्हाळ्यात विहिरीला पाणी आहे, झरे हळूहळू पाझरतायत. पाच एचपीचा पंप लावला की तासाभरात तळ लागतो, आणि छोटा पंप लावला तर झरे भरत राहतात आणि दिवसभरात पाणी जास्त निघतं. बॅटरीत प्लेटच्या बारीक भोकांमधलं अ‍ॅसिड आधी वापरलं जातं, बाहेरचं ताजं अ‍ॅसिड आत झिरपायला वेळ लागतो. घाईने ओढलं तर आतलं संपतं, व्होल्टेज पडतं आणि इन्व्हर्टर कट होतो, बाहेर अ‍ॅसिड शिल्लक असूनसुद्धा. म्हणूनच बॅटरी संपली म्हणून बंद पडलेला इन्व्हर्टर अर्ध्या तासाने परत पाच-दहा मिनिटं चालतो, झरा भरलेला असतो. हे गणित पॉइकर्ट नावाच्या जर्मन माणसाने १८९७ मध्येच मांडून ठेवलंय, तेव्हा दुकानातल्या बोर्डावर "१५० एएच = ६ तास" लिहिलेलं वाचून लगेच मान डोलावू नका.

खरा हिशोब करून दाखवतो. साधे जुने पंखे ७५ वॉटचे दोन, म्हणजे १५०. एलईडी बल्ब ९ वॉटचे तीन, २७. वायफाय १०, लॅपटॉप ६०. एकूण २५० धरा. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, म्हणून ०.८ ने भागा, ३१२ झाले. बारा व्होल्टने भागा, २६ अँपिअर. या वेगाने सी२० वाली १५० ची बॅटरी नवी असताना साधारण शंभर-एकशे पाच एएच देते. म्हणजे चार तास. दोन वर्षांनी तीन धरा.

आता बॅटरी तीच ठेवून फक्त पंखे बदला. बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फुल स्पीडला तीसेक वॉट घेतो. मग एकूण लोड दीडशेच्या थोडा वर येतो, करंट सोळा अँपिअरवर, आणि हळू ओढल्यामुळे कपॅसिटी पण जास्त मिळते, म्हणजे चाराचे साडेसहा-सात तास होतात. दोन पंख्यांना जे पैसे लागतात ते १५० वरून २०० वर जायच्या फरकापेक्षा थोडे जास्त असतील, पण पंखा रोज चालतो, लाईट बिलातही वाचतं आणि चार्जरवर ताण येत नाही. मी यावेळी गावाला हेच केलं. बॅटरी परत १५० ची घेतली आणि हॉलमधला, अण्णांच्या खोलीतला असे दोन पंखे बदलले. आईला पंख्याच्या रिमोटचं अप्रूप, अण्णा म्हणतात आवाज येत नाही म्हणजे वारा पण कमी येतो. असो.

सी२० सोबत सी१० लिहिलेल्या बॅटऱ्या पण मिळतात, बऱ्याचदा सोलरच्या म्हणून विकतात. १५० एएच सी१० म्हणजे दहा तासांत रिकामी करून १५० देणार, म्हणजे ती सी२० वाल्या १५० पेक्षा खरोखर मोठी बॅटरी आहे, वजनाला जड आणि किंमतीलाही. दोन दुकानांतले भाव ताडून बघताना एकीकडे सी१० आणि दुसरीकडे सी२० असेल तर ती तुलनाच चुकीची. आणि मॉडेलच्या नावात १८०००, २५००० असले मोठे आकडे असतात ते नुसतं नाव आहे, एएच कुठे लिहिलंय ते वेगळं शोधा.

प्रकार कुठला घ्यायचा यावर मी फार वेळ घालवत नाही. फ्लॅट प्लेट स्वस्त असते, पण रोज लाईट जाणाऱ्या ठिकाणी लवकर दमते. ट्यूब्युलरमध्ये पॉझिटिव्ह प्लेटचं मटेरियल नळ्यांसारख्या कापडी पिशव्यांमध्ये भरलेलं असतं त्यामुळे ते झडून खाली पडत नाही, म्हणून ती जास्त वेळा खाली-वर झेपवते. त्यातही टॉल ट्यूब्युलर, म्हणजे उंच डब्याची, वर पाणी जास्त मावतं, वारंवार भरावं लागत नाही. गाव असो की शहर, लेड अ‍ॅसिडच घ्यायची असेल तर टॉल ट्यूब्युलर घ्या. फक्त जुनी ट्रॉली उंचीला पुरते का ते आधी मापा, आमच्या एका नातेवाईकांकडे बॅटरी घरी आली आणि ट्रॉलीत बसेना, मग आठ दिवस ती बाथरूमच्या दारात. गाडीची किंवा ट्रॅक्टरची बॅटरी लावायचा मोह गावाकडे होतो, नका करू. ती बॅटरी स्टार्टर मारायला दोन-चार सेकंद जोरात करंट द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास पंखा चालवायला नाही, काही महिन्यांत आटोपते.

दुकानात गेल्यावर मी एक गोष्ट हमखास विचारतो, "पाण्यासकट वजन किती?" दुकानदार थोडा चमकतो. पण बॅटरीत किंमत असते ती शिशाची, आणि शिसं लपवता येत नाही. एकच १५० लिहिलेल्या दोन बॅटऱ्यांच्या वजनात आठ-दहा किलोचा फरक असू शकतो. टॉल ट्यूब्युलर १५० साधारण पन्नास ते साठ किलोच्या मधे कुठेतरी असते, त्यापेक्षा फारच हलकी आणि स्वस्त असेल तर आकडा फक्त स्टिकरवर आहे असं समजायला हरकत नाही.

मग तारीख. बॅटरीवर बनवल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं किंवा कोडमध्ये असतं, दुकानदाराकडून वाचून घ्या. लेड अ‍ॅसिड नुसती ठेवली तरी महिन्याला थोडी थोडी उतरत जाते, आणि आठ-नऊ महिने गोडाऊनमध्ये चार्ज न करता पडली तर ती नवीन असून आतून म्हातारी. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर छान.

वॉरंटीचं पण ऐका. "३६+२४, पाच वर्षं साहेब!" यात पहिले ३६ महिने बिघडली तर बदलून मिळते, पुढचे २४ महिने फक्त नव्या बॅटरीच्या छापील किंमतीवर डिस्काउंट मिळतं, जितकी जुनी तितकं कमी. आणि ते डिस्काउंट छापील किंमतीवर धरतात जी बाजारभावापेक्षा बरीच वर असते, त्यामुळे हातात फार काही पडत नाही. मी तर अधिकच्या चिन्हाच्या पुढचा आकडा वाचतच नाही. बदलून मिळालेल्या बॅटरीला सहसा नव्याने वॉरंटी सुरू होत नाही, उरलेलीच मिळते, हेही विचारून घ्या.

इन्व्हर्टर २४ व्होल्टचा असेल तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात आणि एक गेली की सगळ्यांना वाटतं तेवढीच बदलू. एक जुनी आणि एक नवी जोडली तर चार्जर दोघींना एकच समजून चार्ज करतो, जुनी लवकर भरून उकळत राहते आणि नवी अर्धीच राहते, वर्षभरात नवी पण जुनीच्या लायकीची होते. दोन्ही बदला, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या. दुसरी अगदी वर्षाच्या आतली असेल तरच वेगळा विचार.

लिथियमचं काय, हे आता प्रत्येक जण विचारतो. घरच्या बॅकअपला चांगली ती लिथियम आयर्न फॉस्फेट, जिला एलएफपी म्हणतात. पाणी नको, वास नाही, वजन एक चतुर्थांश, पटकन चार्ज होते, अर्धवट चार्जवर ठेवली तरी रुसत नाही आणि हजारो वेळा खाली-वर झेलते. विहिरीचा प्रॉब्लेम पण तिच्यात जवळजवळ नाही, त्यामुळे १०० एएचची लिथियम पंख्या-लाईटच्या लोडवर १५० च्या लेड अ‍ॅसिडइतकं काम करते. महाग आहे, दुप्पट-तिप्पट. पण खरी अडचण पैशांची नाही, जुन्या इन्व्हर्टरची आहे. त्याचं चार्जिंग लेड अ‍ॅसिडच्या सवयीचं असतं, मधून मधून व्होल्टेज वर नेऊन बॅटरीला उकळी देणारं, आणि लिथियमच्या आतला बीएमएस, म्हणजे तिचा वॉचमन, ते बघून फट्‌कन लाईन तोडतो. इन्व्हर्टरवर लिथियमचा मोड असेल तर खुशाल घ्या. नसेल तर इन्व्हर्टरसकट बदलायची तयारी असेल तेव्हाच.

पुण्यात आमच्या फ्लॅटवर मी नेमकं हेच ठरवलंय. इथे लाईट जाते ती एखाद्या गुरुवारी मेन्टेनन्सला आणि पहिल्या वळवाच्या पावसाला, म्हणजे बॅटरी वापरून झिजत नाही, पाणी भरायला विसरल्यामुळे मरते. अशा घराला पाणी न मागणारी बॅटरीच बरी. इन्व्हर्टर अजून धडधाकट आहे तोवर जुनी ट्यूब्युलर चालवतोय, तो गेला की दोन्ही एकदम. गावाला उलट, इन्व्हर्टर बरा आहे, अण्णा दर महिन्याला पाणी बघतात, मेकॅनिक हाकेच्या अंतरावर, तिथे ट्यूब्युलरच ठीक. भाऊ सोलर टाकायचं म्हणतोय, ते झालं तर मग परत बघू.

जागेचं एक राहिलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद कपाटात, देवघराखाली जिथे समई पेटते तिथे, किंवा गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग बंद करा, खिडक्या उघडा आणि मेकॅनिकला बोलवा. ऊनही टाळा. पश्चिमेच्या गॅलरीत तापणारी बॅटरी सावलीतल्या बॅटरीपेक्षा खूप लवकर जाते, दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं असं ढोबळमानाने धरतात.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो अ‍ॅसिड गटारात ओततो आणि शिसं कुठेतरी उघड्यावर वितळवलं जातं. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती परत गोळा करायची जबाबदारी कंपन्यांवर आहे, दुकानदार एक्स्चेंजमध्ये घेतो आणि बिलात तेवढे कमी करतो. ते किती कमी केले ते बिलावर वेगळं लिहून घ्या, आमच्या दुकानदाराने आधी पंधराशे सांगितले होते, एवढेच का म्हणून विचारल्यावर म्हणाला "जुनी २०० ची आहे ना, मग बघतो" आणि आकडा वाढला. तेवढाच त्या २०० चा फायदा.